खाडीतील लहान होडीच्या विजेच्या मोटरीसाठी बॅटरीची निवड

मुंबईच्या उपनगरांत अद्याप शेती होते असे सांगितले असता शहरातील मनुष्यास ते खरे वाटत नाही. तथापि बोरिवलीच्या खाडीपलीकडे गोराईस व मालाडच्या खाडीपलीकडे मनोरीस आजही पावसाळी भात पिकते, विहिरीवर भाजीपाला होतो, आणि ज्याचे शेत खाजणास लागून आहे त्याच्या दारी बहुधा एखादी लहान होडीही असते. भात झोडून कणगीत पडले की होडी पाण्यात लोटावी, बोय, कोळंबी, चिंबोऱ्या घरापुरत्या व थोड्या बाजारापुरत्या आणाव्या, आणि आगोटीपूर्वी होडी वर ओढून शाकारून ठेवावी, असा तिचा शिरस्ता.

अशा होडीस विजेची मोटर लावणे अनेक प्रकारे सोयीचे आहे. तिला धूर नाही, गलका नाही, आणि तिच्यामुळे पाण्यावर तेलाचा तवंग येत नाही. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक नव्हे. भांडुप-घाटकोपरच्या पूर्वेकडील ठाण्याच्या खाडीचा भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला व २०२२ साली रामसर कराराच्या यादीत गेला. खाडीचे पाणी स्वच्छ राहण्यात पक्ष्यांचे हित आहे, तितकेच कोळंबीचे व ती धरणाऱ्याचेही आहे.

परंतु आमचा अनुभव असा, की होडीवाला मोटरीची चौकशी दहा ठिकाणी करतो आणि बॅटरी दुकानात जी पुढे येईल ती उचलतो. वास्तविक क्रम उलट असावयास पाहिजे. मोटर होडीस पुढे नेते. परंतु घरी परत आणते ती बॅटरी. सबब प्रस्तुत लेखात केवळ बॅटरीचाच विचार करण्याचे योजिले आहे.

थोडा पूर्वेतिहास

विजेची होडी ही आजकालची नवलाई नाही. रशियातील नेवा नदीवर याकोबी नामक शास्त्रज्ञाने १८३८ साली विजेच्या यंत्राने होडी चालवून दाखविली होती. परंतु तिच्यातील बॅटरी जस्त खाऊन वीज देणारी होती. जस्त संपले की ती संपली. पुन्हा पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी प्लान्ते या फ्रेंच संशोधकाने १८५९ साली काढली, आणि त्यानंतर १८८१ साली त्रूव्हे याने पॅरिसमध्ये सीन नदीवर विजेची होडी चालविली. म्हणजे मोटर आधी तयार होती. खोळंबा होता तो बॅटरीचा. आपल्या देशात केरळातील वैकोम येथे २०१७ सालापासून ‘आदित्य’ नावाची, ७५ उतारू नेणारी सौर नौका चालू झाली. तिच्यात सुमारे ५० युनिट वीज साठविणारी लिथियमची बॅटरी बसविलेली आहे. तिच्या बांधणाऱ्यांनी रोज किती फेऱ्या, किती अंतर, व त्यास किती वीज लागेल याचा हिशेब आधी केला. आपली होडी लहान असली तरी हिशेब तोच आहे.

आमची एक चूक

या विषयातील पहिला धडा आम्हांस आमच्याच चुकीने दिला, म्हणून ती येथे सांगणे योग्य होईल.

आमच्या होडीस मोटर लावली त्या वर्षी आम्ही मालमोटारीची एक वापरलेली बॅटरी स्वस्तात घेतली. विकणारा म्हणाला, “साहेब, ही दहा टनांची गाडी सुरू करते, मग तुमची होडी ती काय जड!” हा युक्तिवाद आम्हांस बिनतोड वाटला. दोन-तीन आठवडे काम ठीक चालले. पुढे दर फेरीस मोटरीचा जोर थोडा थोडा लवकर उतरू लागला. त्याकडे आम्ही लक्ष दिले नाही.

माघी पौर्णिमेस दुपारी साडेबाराच्या सुमारास उधाणाची भरती होती. ती ओसरू लागल्यावर आम्ही व आमचा पुतण्या जाळे घेऊन खाडीच्या मुखाकडे गेलो आणि चार वाजता परत फिरलो. त्या वेळी ओहोटीस पूर्ण जोर होता. निम्म्या वाटेवर मोटर कण्हू लागली, मग पंखा नुसता फिरल्यासारखा करू लागला, आणि होडी उलट समुद्राकडे सरकू लागली. वल्ही घरी होती. मोटर असता ती कशाला, अशी आमची समजूत. सुदैवाने काठच्या तिवरांपाशी आलो होतो. पुतण्याने एका फांदीस दोर टाकला, म्हणून होडी थांबली. पाणी उतरले तशी ती चिखलात बसली. रात्री भरतीने ती उचलल्यावर फळीने पाणी मारीत आम्ही दहा वाजता घरी पोहोचलो. तिवर जरा दूर असते तर काय झाले असते याचा विचार आजही नको वाटतो.

चूक कोठे झाली? गाडी सुरू करण्याच्या बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ असतात. काही क्षणांपुरता शेकडो अँपिअरचा झटका द्यावयाचा, आणि इंजिन सुरू होताच त्याच्या डायनामोने ती उणीव भरून काढावयाची, असे तिचे काम. ती कधी फारशी रिकामी होतच नाही. तीच बॅटरी तास-दोन तास सतत उपसली व पुरती रिकामी केली, तर प्लेटांवरील लेप गळतो आणि थोड्याच दिवसांत तिच्यात साठा राहत नाही. ती वाईट होती असे नव्हे. आम्ही तिला भलत्या कामास जुंपली. होडीस पाहिजे ती खोलवर उपसा सोसणारी, जाड प्लेटांची बॅटरी. दुकानात इन्व्हर्टरची, सौर संचाची, किंवा ई-रिक्षाची बॅटरी मागितल्यास या जातीची मिळते. मोटारगाडीची किंवा मालमोटारीची घेऊ नये.

गरजेचा हिशेब

बॅटरीवर व्होल्ट व अँपिअर-तास असे दोन आकडे असतात. विहिरीच्या उदाहरणाने ते चटकन समजतात. व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब, अँपिअर म्हणजे पंपाची धार, आणि अँपिअर-तास म्हणजे विहिरीतील साठा. व्होल्ट व अँपिअर यांचा गुणाकार केला म्हणजे वॅट येतात; ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ती; आणि १,००० वॅट एक तास चालले म्हणजे आपल्या वीजबिलातील एक युनिट.

लहान होडीच्या मोटरीचा जोर बहुधा पौंडांत लिहिलेला असतो. १२ व्होल्टची मोटर पूर्ण वेगात दर पौंडास सुमारे एक अँपिअर ओढते, असे ढोबळ प्रमाण धरावे. नक्की आकडा मोटरीच्या पत्रकात असतो. तोच हिशेबास घ्यावा.

समजा, होडी १६ फुटांची, माणसे दोन व जाळे, आणि मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअर घेणारी आहे. एका फेरीत पूर्ण वेगाने एक तास व निम्म्या धारेने एक तास मोटर चालते असे धरू.

पूर्ण वेग : ५० अँपिअर × १ तास = ५० अँपिअर-तास.
निम्मी धार : २५ अँपिअर × १ तास = २५ अँपिअर-तास.
एकूण : ७५ अँपिअर-तास, म्हणजे १२ व्होल्टने गुणता ९०० वॅट-तास, एक युनिटाहूनही कमी.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पाण्यातील होडीचा वेग वाढवावयाचा तर लागणारी शक्ती त्या मानाने फारच झपाट्याने वाढते. वेग दुप्पट करण्यास सुमारे आठपट शक्ती लागते. याचा उलट फायदा असा, की धार निम्मी केली तरी वेग निम्मा होत नाही. पाचांतील सुमारे एक हिस्साच कमी होतो. जो सदा पूर्ण वेगाने जातो तो थोड्या मिनिटांसाठी पुष्कळ बॅटरी खर्च करतो.

आता ओहोटीचा विचार. स्थिर पाण्यात होडी ताशी ६ किलोमीटर जाते व घर ३ किलोमीटर आहे असे समजा. स्थिर पाण्यात अर्धा तास, म्हणजे २५ अँपिअर-तास लागतील. ताशी ३ किलोमीटरचा प्रवाह पाठीशी असेल तर वीस मिनिटे, म्हणजे १७ पुरतील. तोच प्रवाह समोरून असेल तर पुरा एक तास व ५० अँपिअर-तास लागतील. घर तेच, अंतर तेच, मोटर तीच. पण खर्च तिप्पट. उधाणाच्या दिवशी मुंबईकडील पाणी चार मीटरांहूनही अधिक चढते-उतरते, आणि खाडीच्या अरुंद मुखाशी ते सारे पाणी धावत बाहेर पडते, हे खाडीकाठी राहणाऱ्यास सांगावयास नको. यास्तव वरील ७५ वर आणखी २५ अँपिअर-तास राखीव धरलेच पाहिजेत. समोरच्या ओहोटीत जो अर्धा तास जास्त लागतो तो यांतून निघतो.

आकड्यामागील अट

मग १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी पुरेल काय? पुरणार नाही, आणि बहुतेक लोक येथेच फसतात. त्यास कारणे दोन आहेत.

पहिले कारण असे, की शिशाच्या बॅटरीवरील आकडा बहुधा २० तासांच्या उपशाचा असतो. १५० अँपिअर-तास याचा अर्थ, ७.५ अँपिअरच्या बारीक धारेने ती २० तास पुरेल. तीच ५० अँपिअरने उपसली तर हिशेबाप्रमाणे तीन तास पुरावयास हवी. प्रत्यक्षात ती सुमारे दोन तासांतच संपते. पंप मोठा लावला की झऱ्यांना वेळ मिळत नाही व विहीर लवकर तळ दाखविते, तसाच हा प्रकार आहे. बॅटरीवर सी-२० अथवा सी-१० असे लिहिलेले असते. त्यातील २० व १० हे तास होत. दोन बॅटऱ्यांवर आकडा सारखा असता जिच्यावर सी-१० आहे ती अधिक भरीव समजावी.

दुसरे कारण असे, की शिशाची बॅटरी दर वेळी तळापर्यंत रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. निम्मीच वापरली तर ती कितीतरी अधिक फेऱ्या देते. शेतकऱ्यास हे एका वाक्यात समजेल. बॅटरीतील खालचा अर्धा हिस्सा हे बियाण्याचे धान्य होय. ते रोजच्या दळणास काढू नये, अडचणीतच त्यास हात लावावा.

ही दोन्ही कारणे धरता, वरील होडीस २० तासांच्या आकड्याने २०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी पाहिजे. मग रोजच्या फेरीत ती सुमारे निम्मी उतरेल व राखीव हिस्सा शाबूत राहील. १५० ची घेतल्यास रोज तीनचतुर्थांश रिकामी होईल. ती चालेल, पण लवकर मरेल, आणि नेमकी ओहोटीच्या दिवशी अपुरी पडेल.

शिसे की लिथियम

शिशाच्या बॅटऱ्यांत तीन प्रकार नेहमी आढळतात. पहिला, पाणी घालावयाच्या ट्यूब्युलर बॅटरीचा. ही दीर्घायुषी असते, परंतु उंच व फार जड. शिवाय होडी कलंडल्यास तिच्यातील आम्ल सांडण्याची भीती. दुसरा, ई-रिक्षासाठी केलेली पाण्याची बॅटरी. ही आकाराने सोयीची, पण आम्लाची भीती येथेही आहेच. तिसरा, बंद तोंडाची बॅटरी. हिच्यात पाणी घालावे लागत नाही व आम्ल सांडत नाही. किंमत जास्त पडते व बेताल चार्जिंग तिला मुळीच सोसत नाही. तथापि होडीत ठेवण्यास शिशातील हाच प्रकार सर्वांत निर्धास्त.

लिथियमच्याही जाती आहेत. त्यांतील लोह-फॉस्फेटाची, जिला दुकानात एलएफपी म्हणतात, तीच घ्यावी. तापल्याने पेट घेण्याचा धोका लिथियमच्या इतर जातींपेक्षा हिच्यात पुष्कळ कमी असतो. हिच्या एका घटाचा दाब ३.२ व्होल्ट, व चार घट मिळून १२.८ व्होल्ट होतात. हिचे गुण असे. वीसपैकी सोळा हिस्से नित्य वापरले तरी चालते. मोठ्या धारेने साठा फारसा घटत नाही. आणि वजन थोडे. आमच्या उदाहरणातील होडीस १०० अँपिअर-तास लागतात. ते पाचांतील चार हिस्से धरले तर १२५ ची बॅटरी पुरे. शिशाच्या २०० चे वजन साठ किलोच्या आसपास, म्हणजे होडीत एक माणूस जास्त बसल्यासारखे; लिथियमच्या १२५ चे त्याच्या चौथ्या हिश्श्याजवळ.

परंतु लिथियमचा एक अवगुण दुकानदार सांगत नाही, आणि होडीवाल्याने तो अवश्य जाणला पाहिजे. शिशाची बॅटरी मरू लागली की मोटर कण्हते, वेग उतरतो. म्हणजे ती आधी सूचना देते. लिथियमचा दाब अखेरपर्यंत जवळजवळ एकसारखा राहतो, आणि साठा संपताच तिच्यातील रक्षक यंत्रणा एकदम वीज तोडते. क्षणापूर्वी पूर्ण वेगाने जाणारी होडी दुसऱ्या क्षणी नुसते लाकूड होते. सबब लिथियम घेणाऱ्याने किती अँपिअर-तास खर्च झाले हे मोजणारा मीटर बरोबरच बसवावा. दाब पाहून साठा ओळखण्याची शिशाची रीत येथे उपयोगी पडत नाही.

रुपयांचा हिशेब

बॅटरीची किंमत दर फेरीवर वाटून पाहावी. विजेचा खर्च यात गौण आहे. चार्ज करताना होणारी घट धरली तरी एका फेरीस सव्वा युनिटाच्या आतबाहेरच वीज जाते. खरा खर्च बॅटरीच्या झिजेचा.

भाव बदलत राहतात, म्हणून केवळ रीत दाखविण्यापुरते आकडे घेऊ. वाचकांनी आपल्या बाजारचे घालावे. समजा, शिशाची बॅटरी ३०,००० रुपयांची, ५०० फेऱ्यांची, परंतु कमी वापरली तरी पाच वर्षांत जुनी होणारी. आणि लिथियमची ६०,००० रुपयांची, २,००० फेऱ्यांची, व दहा वर्षांत जुनी होणारी.

वर्षाला २०० फेऱ्या करणाऱ्यास शिशाची अडीच वर्षे पुरेल व फेरीस ६० रुपये पडतील. लिथियमची दहा वर्षे पुरेल व फेरीस ३० रुपये पडतील. वर्षाला १०० फेऱ्या करणाऱ्यास शिशाच्या ५०० फेऱ्या पाच वर्षांत, लिथियमच्या १,००० फेऱ्या दहा वर्षांत; दोन्हीकडे ६० रुपयेच. यावरून असा निर्णय निघतो, की ज्याची होडी रोजच्या धंद्यात आहे त्याने लिथियमचे भांडवल घालावे. ज्याची आठवड्यातून एक-दोनदाच निघते त्याने पैसा अडकवू नये, शिशाची घ्यावी. शिवाय जुन्या शिशास मोडीचा भाव येतो, हेही जमेस धरावे. मात्र कर्ज काढून महाग बॅटरी घेणाऱ्याने व्याज विसरू नये.

खारे पाणी, जोडणी व जागा

खारे पाणी विजेचे वाहक आहे, व तांबे-लोखंड खाणारे आहे. त्यातून वीज वाहिली म्हणजे क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो. बॅटरीत समुद्राचे पाणी शिरण्याचे भय पाणबुडीतील खलाशांना असे ते याच कारणाने. होडीत यासाठी पुढील व्यवस्था असावी.

(१) बॅटरी झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत, तळापासून चार बोटे उंच फळीवर, होडीच्या मध्याजवळ ठेवावी व पट्ट्याने घट्ट बांधावी. पाण्याची शिशाची असल्यास पेटीस वायू जाण्यास भोके ठेवावीत.

(२) धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज बसवावा. मोटर ५० अँपिअरची असल्यास ६० चा पुरे.

(३) तार तांब्याची, अनेक पदरी व जाड असावी. ५० अँपिअरला, बॅटरी मोटरीपासून तीन मीटरवर असल्यास, १६ चौरस मिलिमीटरची तार घ्यावी. बारीक तारेत वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

(४) टोकांस व्हॅसलीन लावावे. हिरवी-पांढरी बुरशी दिसताच ती गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून पुन्हा लावावे.

(५) दोन बॅटऱ्या जोडावयाच्या तर एकाच बनावटीच्या, एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. नवा बैल व थकलेला बैल एका जुवाखाली जुंपल्यास जे होते तेच येथे होते. नवीही लवकर थकते.

(६) उन्हात काळ्या ताडपत्रीखाली बॅटरी ठेवू नये. उष्णतेने शिशाच्या बॅटरीचे आयुष्य घटते. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांस ते सुमारे निम्मे होते.

भरणे व पावसाळी साठवण

शिशाची बॅटरी घरी येताच त्याच रात्री भरावी. उद्यावर टाकू नये. अर्धी रिकामी पडून राहिल्यास प्लेटांवर शिशाच्या क्षाराचे कठीण खडे बसतात व तेवढा साठा कायमचा जातो. चार्जर साठ्याच्या दहाव्या हिश्श्याच्या सुमाराचा, म्हणजे २०० ला २० अँपिअरचा असावा. भरताना हायड्रोजन वायू सुटतो. तो ठिणगीने पेटतो. म्हणून खोली उघडी ठेवावी व जवळ विडी पेटवू नये. पाणी घालावयाचे ते डिस्टिल्ड. विहिरीचे वा नळाचे नव्हे.

काही तास स्वस्थ ठेवल्यावर पूर्ण भरलेल्या शिशाच्या बॅटरीचा दाब सुमारे १२.७ व्होल्ट, निम्म्या भरलेलीचा १२.२ व्होल्ट असतो. १२ वर आल्यास ती बियाण्यास हात लागल्याची खूण समजावी. लिथियमला तिचाच चार्जर लागतो. शिशाचा जुना चार्जर लावू नये.

आमच्या प्रांतात होडी आगोटीपासून पावसाळाभर वर राहते, आणि पुष्कळ बॅटऱ्या मरतात त्या पाण्यात नव्हे, या चार महिन्यांत गोठ्याच्या कोपऱ्यात. शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवावी व दर महिन्यास पुन्हा भरावी. लिथियमची निम्म्याहून थोडी अधिक भरून, तारा सोडून ठेवावी व दोन-तीन महिन्यांनी तपासावी. लावणीच्या गडबडीत हे विसरते. म्हणून दिनदर्शिकेवर खूण करावी.

विकत घेताना

बनावटीचा महिना व वर्ष पाहावे. सहा महिने दुकानात पडलेली शिशाची बॅटरी नवी नव्हे. अँपिअर-तासांचा आकडा कोणत्या तासांचा ते पाहावे. काट्यावर वजन करावे. एकाच जातीच्या व एकाच आकड्याच्या दोन बॅटऱ्यांत हलकी असेल तिच्यात शिसे कमी. लिथियमची असल्यास पाण्यापासून संरक्षणाची खूण आयपी-६७ आहे काय ते पाहावे, व जुन्या गाड्यांतील घट जमवून केलेली बिननावाची बॅटरी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हमी घरगुती वापरापुरतीच आहे की होडीतील वापरासही लागू, हे लेखी विचारावे. तोंडी आश्वासन तक्रारीच्या वेळी कामास येत नाही. तसेच होडीस यंत्र बसविण्यापूर्वी तिच्या नोंदणीस व परवान्यास काही बाधा येते काय, याची मत्स्यव्यवसाय खात्याकडे विचारणा करावी.

निकामी बॅटरी घरी फोडू नये व बांधावर टाकू नये. शिसे मातीत उतरले की ते निघत नाही. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ती दुकानात देऊन नवीच्या किमतीत वजावट मागावी.

शेवटी एक सूचना. बॅटरी कितीही चांगली घेतली, तरी पंचांग पाहून निघावे. ओहोटीबरोबर बाहेर जावे, व भरती लागल्यावर तिच्याबरोबर परत यावे; अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीच्या मुखाकडे जाऊ नये, भांगेच्या दिवसांत जावे. भरती ही अशी एकच बॅटरी आहे की जिच्यावर ना पट्टी ना सारा. आणि मोटर असो वा नसो, दोन वल्ही, नांगर व वीस वाव दोर यांवाचून होडी काठावरून लोटू नये. आमची वल्ही त्या माघी पौर्णिमेपासून होडीतच बांधलेली आहेत.